आईची वळकटी, आणि माझं अजून न सुटलेलं

तुळशीकट्टा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते.

गेल्या कार्तिकात आई गेली. आळंदीची यात्रा उरकली आणि दोन दिवसांनी. कराडजवळच्या गावी तिची खोली आवरायला आम्ही तिघी बहिणी जमलो. आठवडा तरी मोडेल अशा तयारीने गेलो होतो. दुपारच्या जेवणाआधीच आवरून झालं. दोन लुगडी, एक स्वेटर, चष्मा, औषधांची पिशवी, हरिपाठाची पोथी, बुक्क्याची डबी आणि खुंटीला अडकवलेली वारीची पिशवी. शेजारी वळकटी, सुतळीने बांधलेली. कपाट उघडलं तर रिकामं. कप्प्यांत घातलेले वर्तमानपत्राचे कागद तेवढे नवे होते. भांडीकुंडी, पाटल्या, पैठणी, सगळं तिने सहा-सात वर्षांत एकेक करून देऊन टाकलं होतं. आम्हाला पत्ता लागला नाही, कारण प्रत्येकीला वाटत होतं की आपल्यालाच काय ते दिलं.

मी तिच्याबरोबर एकदाच पूर्ण वारी चालले, २०१७ साली. आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर. तिची दिंडी रथामागची. तिच्याजवळ एक पितळी तांब्या होता, आजीने लग्नात दिलेला, काठावर आजीचं नाव घातलेला. दिवेघाट चढून सासवडला मुक्कामी आलो तेव्हा शेजारच्या राहुटीतल्या एका बाईची पिशवी कुठेतरी राहिली होती. आईने तांब्या उचलून तिला देऊन टाकला. मी चिडले. आजीची तेवढी एकच वस्तू राहिली होती. आई म्हणाली, "अगं, तिला पाणी कशात घ्यायचं? आपल्या ट्रकवर पेले आहेत की." विषय संपला. पण मध्यरात्री मला जाग आली तर तिचा हात झोपेतच उशाशी चाचपडत होता. चाळीस वर्षं रात्री उठून पाणी प्यायची सवय. हाताला तांब्या लागला नाही, तसा तो तिथेच चटईवर पालथा पडून राहिला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितेय.

आता माझं. वय एकसष्ट, शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. पुण्यात राहते. घरात हे, मुलगा, सून, चार वर्षांचा नातू. ह्यांची अँजिओप्लास्टी झालीय, पथ्यपाणी मी बघते, पण त्यासाठी बाई ठेवता येईल. आईनंतर मी माळ घातली. मनात आहे की येत्या चातुर्मासात आळंदीला खोली घेऊन राहावं, जमलं तर पुढेही तिथेच. देवाचं करायला आता नाही तर कधी?

त्या दृष्टीने मीही द्यायला सुरुवात केली. दागिने वाटले, साड्या दिल्या. देताना हात आखडला नाही. पण आईची पैठणी माझ्याकडे आली होती, ती मी सुनेला दिली, आणि तिने ती कापून ड्रेस शिवला. मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मग दिलं ते काय दिलं? सकाळी जपाला बसते तर कान स्वयंपाकघरात. मोहरी तडतडली की नाही, दूध उतू जातंय का, हिने डाळीचं भांडं कुठे ठेवलं.

तुमचं काय सुटलं, कसं सुटलं, काय सुटत नाही, हे मोकळेपणाने सांगाल का? आणि आळंदीबद्दलही.

---

हरिपाठसांज

ताई, तांब्या वाचून डोळे भरले. त्या चाचपडणाऱ्या हाताला माझा नमस्कार.

आम्ही घरी नैवेद्य दाखवतो त्यावर मी पुष्कळ विचार केलाय. पुरणपोळी आपणच केली, ताट आपलंच, वाढलं आपण. देवासमोर ठेवलं, पाण्याने चौकोन काढला, डोळे मिटले. दोन मिनिटांनी तेच ताट उचलून आपण जेवायला बसतो. पोळीतला कणही कमी झालेला नसतो. पण आता तिला प्रसाद म्हणतात, आणि प्रसादाला कोणी नावं ठेवत नाही. मीठ कमी पडलंय असं म्हणत नाही, मला कमी आला म्हणून भांडत नाही. वस्तू तीच, घरही तेच. मधल्या दोन मिनिटांत मालक बदलला. होमात प्रत्येक आहुतीला गुरुजी 'इदं न मम', म्हणजे 'हे माझं नाही', म्हणवून घेतात, तेही हेच.

तुम्ही पैठणी दिलीत, पण नैवेद्य दाखवायचा राहिला असं वाटतं. ताट थेट तुमच्या हातून सुनेच्या हातात गेलं.

आपले जुने नेम पाहा. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी कांदाभजी, कांद्याची थालीपीठं पोटभर खायची आणि एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण-वांगं बंद. आधी पोटभर खायला सांगणारी परंपरा आहे ही, कुढत सोडायला सांगणारी नाही. चार महिन्यांनी परत खाताही येतं. मन वळवायला एवढी मुदत पुरते. एकदम जन्माचं सोडायला गेलं की मन आडमुठं होतं.

---

मृद्गंध

मी इथे नवीन, वय एकतीस. एक प्रश्न विचारू का? माझ्यावर घराचं कर्ज आहे, मुलगी दीड वर्षाची. पगारातून तिच्या नावाने पैसे टाकतो. कीर्तनात 'धन मातीसमान' ऐकलं की अपराध्यासारखं वाटतं. आमच्यासारख्यांनी देवाकडे जायचंच नाही का? की साठीपर्यंत थांबायचं?

---

हरिपाठसांज

थांबू नका. तुकोबारायांनीच सांगून ठेवलंय, 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी'. जोडू नका असं कुठे म्हटलंय? चोख व्यवहाराने जोडा. फक्त खर्च करताना जीव त्यात अडकवू नका. मुलीच्या नावाने पैसे टाका. ती उद्या तिच्या मनाचं काही करेल तेव्हा 'मी तुझ्यासाठी एवढं केलं' हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. झालं. एवढं साधलं तरी तुम्ही माझ्या पुढे आहात, माझ्या तोंडून ते दोनदा निघालंय.

---

कोरडवाहू

मी माणदेशातला शेतकरी. तुकोबांचा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी नुसता वाचतो.

तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली ही गोष्ट सगळेच सांगतात, आणि सांगताना तुकोबांचं वैराग्य केवढं म्हणून हात जोडतात. आमच्याकडं ही गोष्ट वेगळी ऐकू येते, कारण आम्ही खत लिहून देणाऱ्यांच्या बाजूचे. देहूत त्यांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ. त्यांची थोरली बायको अन्नावाचून गेली, पोरगा गेला, गुरं गेली, व्यापार बुडाला. असल्या वक्ताला घरात जी कर्जखतं होती, ती म्हणजे वसूल होण्याजोगी शेवटची रक्कम. आणि ज्यांनी ती लिहून दिली होती ते पण त्याच दुष्काळातून जगले-वाचलेले. कागद बुडाला त्या दिवशी तुकोबा मोकळे झाले असतील, पण त्यांच्यापेक्षा गावातली ती कुळं मोकळी झाली. कोणाचं तरी रान सुटलं, कोणाचे तरी बैल दावणीला राहिले.

म्हणून मला वाटतं, सोडणं खरं का खोटं ते बघायचं असेल तर समोरचा सुटला का ते बघावं.

दुसरी गोष्ट पुष्कळ जण सांगायची विसरतात. सगळी खतं त्यांनी बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही साधू झालात, मला संसार आहे. तेव्हा खतांच्या दोन वाटण्या झाल्या. भावाची वाटणी भावाच्या हातात दिली. इंद्रायणीत गेली ती फक्त स्वतःची.

आमच्या आजोबांकडं उसनवारीची वही होती. बियाणं, कडबा, कोणाला किती दिलं ते. २००३ च्या दुष्काळात चारा छावणीला जनावरं होती तेव्हा आजोबांनी ती चुलीत घातली. मी लहान नव्हतो, मला राग आला होता. त्यात आमच्या चुलत्याचं पण येणं होतं, ते मात्र आजोबांनी आधी वेगळ्या कागदावर उतरवून चुलत्याला दिलं. म्हणाले, ते माझं नव्हं.

---

अर्धविराम

कोरडवाहू, तुम्ही लिहिलेली ती दोन वाटण्यांची ओळ मी चार वेळा वाचली. मला लिहायचं नव्हतं, पण आता लिहिते.

मी सातवीत असताना बाबांनी नोकरी सोडली. निवृत्तीला बारा वर्षं होती. माळ आधीच घातली होती. एका मठात राहायला गेले. कोणाशी भांडले नाहीत, कसलं व्यसन नव्हतं, दुसरं काही नव्हतं. नुसते शांतपणे गेले. गावात त्यांचं नाव झालं, काय वैराग्य म्हणून. फंडाचे पैसे त्यांनी अन्नदानाला दिले. ते पैसे माझ्या आईचेही होते हे तेव्हा कोणाला सुचलं नाही. आईलासुद्धा.

आई साड्यांना फॉल-पिको करायची. एका साडीचे सुरुवातीला आठ रुपये. सणासुदीला रात्री दोनपर्यंत मशीन चाललेली असायची. मशीनच्या फळीवर विठोबाचा लहान फोटो चिकटवलेला, त्यावर तेलाचे डाग. तिची एकादशी कधी चुकली नाही. साबूदाणा परवडायचा नाही तेव्हा ती नुसत्या पाण्यावर करायची आणि आम्हाला सांगायची, आज निर्जळा आहे. वर्षात निर्जळा किती येतात हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं.

भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी जिजाई, तुकोबांची दुसरी बायको, आपल्याकडे कजाग म्हणून रंगवतात. उन्हाचं रोज कोण चढलं डोंगर? तिच्या पायात काटा मोडला तेव्हा तो काढायला पांडुरंग स्वतः आला, असं परंपराच सांगते. माझ्या दृष्टीने त्या कथेत देव कोणापाशी आला ते अगदी स्पष्ट आहे.

आणि थोरला भाऊ सावजी. बायको गेल्यावर तो तीर्थयात्रेला निघून गेला आणि घराचा भार कोवळ्या वयाच्या तुकोबांवर पडला. आपण त्याचे अभंग गात नाही.

तुळशीकट्टाताई, तुम्ही एका ओळीत लिहून गेलात, "पथ्यपाणी मी बघते, पण बाई ठेवता येईल". मी त्या ओळीवर थांबले. तुमच्या घरातलं मला काही माहीत नाही, तुम्हाला दुखवायचंही नाही. पण ह्यांना विचारलंत का?

---

इंद्रायणीकाठ

अर्धविराम, तुमच्या आईंना साष्टांग नमस्कार सांगा.

---

अर्धविराम

त्या २०१९ ला गेल्या. बाबा आले होते. दहा दिवस राहिले, रोज अंगण झाडलं. तेराव्याला जाताना मला म्हणाले, "तुझी फी कोण भरत होतं गं?" इतक्या वर्षांनी. मी सांगितलं. ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. त्यानंतर दर महिन्याला फोन करतात. माझा राग तेव्हापासून उतरणीला लागलाय, पूर्ण गेलेला नाही. माझ्याकडून सुटायचं असेल तर ते हेच आहे.

---

रिद्धपूरकर

दंडवत प्रणाम. आम्ही महानुभाव, अमरावती जिल्ह्यातले. आमच्याकडची बाजू मांडतो, कारण आमच्या पंथात सोडणं हे मूळ सूत्रच आहे. चक्रधर स्वामींनी शिष्यांना सांगितलं की ओळखीच्या प्रदेशापासून दूर राहा, झाडाखाली राहा, एका जागी रमू नका, भिक्षेवर जगा. त्याला अटन म्हणतात.

माझ्या आत्याने संन्यास घेतला. लग्न केलं नव्हतं, मागे कोणी अवलंबून नव्हतं, आजी-आजोबांनी स्वतः वाट करून दिली. हे अर्धविरामताईंसाठी मुद्दाम लिहितो. आत्या भिक्षेला निघायची तेव्हा एका घरची भाजी, दुसऱ्या घरचं वरण, तिसऱ्याची भाकर सगळं झोळीत एकत्र. मी लहानपणी विचारलं, चव कशी लागते? तिने मला एक घास भरवला. मला तो गिळवेना. ती हसली, म्हणाली, पहिलं वर्ष मलाही गिळवत नव्हता. चव सोडायला तिला एक वर्ष लागलं, आणि चव गेली हे तिला कळलंच नाही. दुसऱ्या कोणीतरी विचारलं तेव्हा आठवलं.

आमच्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा. १९०५ साली घर सोडलं, अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटकं गाडगं. मला त्यांचं घर सोडणं जेवढं मोठं वाटतं त्याहून नंतरचं मोठं वाटतं. लोकांकडून पै-पैसा मिळवून पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, पोरांच्या शिक्षणासाठी. घर सोडणारे पुष्कळ असतात. स्वतः घाम गाळून उभं केलेलं काम, तेही देवाच्या नावाने केलेलं, त्यावरचा 'माझं' काढून घेणं फार थोड्यांना जमतं. मठ सोडवत नाही, आश्रम सोडवत नाही, शिष्य तर नाहीच नाही.

---

सातासमुद्रा

मी अठरा वर्षं परदेशात. सांगलीचं घर रिकामं करायला रजा मिळाली अकरा दिवस. तुळशीकट्टा, तुमच्या आईंनी तुम्हा तिघींवर केवढी माया केली हे तुम्हाला माझ्या घराकडे बघून कळेल. माळ्यावर १९७८ पासूनचे दिवाळी अंक, लग्नात आलेली स्टीलची चौतीस पातेली, त्यातली एकवीस न वापरलेली. भांडीवाल्याने तांबं-पितळ किलोवर घेतलं. आजीचा बंब काट्यावर ठेवताना मी बाहेर गेलो.

सगळं निघालं. देव राहिले. टाक, बाळकृष्ण, शंख, घंटा, शाळिग्राम, दत्ताची तसबीर. चुलतभाऊ म्हणाला, आमच्याकडे आमचे आहेत. बहीण म्हणाली, सासरी चालणार नाही. तीन रात्री मी त्या देव्हाऱ्यासमोर जमिनीवर झोपलो. आईने सत्तेचाळीस वर्षं ज्यांना न्हाऊ घातलं ते देव कोणालाच नको. शेवटी टाक आमच्या कुलोपाध्यांच्या स्वाधीन केले, तसबीर देवळात, आणि बाळकृष्ण खिशात घेऊन विमानात बसलो.

पण अन्नपूर्णा सापडेना. आईच्या माहेरून तिच्याबरोबर आलेली, लग्नात मुलीला देतात ती. सगळं घर उलथं केलं. मग स्वयंपाकाच्या मावशी भेटायला आल्या, त्यांनी भीत भीत सांगितलं की आईंनी जायच्या आधीच्या चैत्रात ती त्यांना दिली. "माझ्या घरात आता चूल तूच पेटवतेस, ती तुझ्यापाशी राहू दे." मावशींना वाटत होतं मी परत मागेन.

मला क्षणभर मागावीशी वाटली हे खरं आहे. ते मी इथे कबूल करतो.

---

वसईचा वारा

आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील याची आठवण देतात, आणि पुढे ईस्टरपर्यंत उपवासकाळ. मासे-मटण सोडायचं ते आम्ही लहानपणापासून करतो. पण माझी आजी एक गोष्ट करायची. मटण आणलं असतं तर जेवढे पैसे गेले असते तेवढे ती दर खेपेला डब्यात टाकायची आणि ईस्टरआधी शेजारच्या आजारी कुटुंबाला द्यायची. नुसतं न खाण्याला तिच्या लेखी किंमत नव्हती. कोरडवाहूंचं वाक्य वाचून ती आठवली, समोरचा सुटला का ते बघावं.

---

इंद्रायणीकाठ

मी आळंदीतच राहतो म्हणून ताईंच्या त्या प्रश्नावर लिहितो. इथे चातुर्मासाला पुष्कळ जण खोल्या घेऊन राहतात. पहाटे काकडा, मग प्रदक्षिणा, ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. ज्यांना ओढ आहे त्यांना यासारखं सुख नाही, मी रोज बघतो. पण हेही बघतो की घरचं ओझं अर्धवट टाकून आलेले लोक कीर्तनात फोन उलटा ठेवून बसतात आणि दर दहा मिनिटांनी सुलटा करून बघतात. खोली आळंदीत, माणूस घरात. आणि दोन महिन्यांनी त्याच खोलीवरून वाद. खिडकीची जागा कोणाची, नळावर आधी कोण. घर सोडून आलेलं माणूस चार फुटांच्या जागेला 'माझी' म्हणायला लागतं, कारण 'माझं' घेऊनच ते आलेलं असतं.

महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीवर मी रोज डोकं ठेवतो. आरफळचे, शिंद्यांच्या दरबारात मोठ्या मानाचे सरदार. ते सगळं मागे टाकून इथे आले आणि माऊलींच्या पादुका पालखीत घेऊन दिंड्यांसह पंढरीला न्यायचा आजचा सोहळा त्यांनी लावून दिला. सरदाराला शिस्त ठाऊक होती, माणसं चालवणं ठाऊक होतं. ते त्यांनी टाकून दिलं नाही, माऊलींच्या कामाला लावलं. आज लाखो माणसं चोपदाराचा दंड वर झाला की गप्प होतात, त्यात त्यांच्याच बांधणीची शिस्त आहे. मानकरीपण सुटलं आणि पायरी झाली, लोकांनी पाय ठेवण्याची. मला यापुढे बोलता येत नाही.

---

तुळशीकट्टा

सगळ्यांना मनापासून नमस्कार. इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

अर्धविराम, तुमचा प्रश्न वाचला त्या रात्री ह्यांना विचारलं. मी आळंदीला राहायला जाऊ का? ते म्हणाले, "जा ना. तुझी इच्छा आहे." आणि मग उठून स्वतःच्या गोळ्या स्वतः काढायला लागले. आठवड्याच्या डबीत सकाळच्या गोळ्या रात्रीच्या खणात टाकत होते. मला दाखवून द्यायचं होतं की त्यांना जमतं. चष्मा लावलेला नव्हता. मी काही बोलले नाही. ते झोपल्यावर डबी परत लावली. भावाची वाटणी भावाच्या हातात द्यायची आणि आपली बुडवायची, हे मला त्या डबीसमोर नीट कळलं. ही वाटणी माझ्या एकटीची नाहीच.

मग माझी कोणती? ते शोधायला मला आईच्या वळकटीने मदत केली. ती मी घरी आणली होती, सोडली नव्हती. परवा सोडली. आत वाकळ, मेणकापड, एक ताट. वाकळ मी लगेच ओळखली, आमच्या तिघींच्या जुन्या फ्रॉकची. माझा निळा, फुलाफुलांचा, पाचवीतला. तो मला आवडायचा म्हणून मी तो कापू दिला नव्हता, लपवून ठेवला होता, आणि आईने तो शोधून कापला तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. त्या तुकड्यावर ती चाळीस वर्षं झोपली. पंढरीच्या वाटेवर, वाखरीच्या माळावर, पावसात. मग मला सुनेच्या ड्रेसची आठवण झाली आणि मी पलंगावर बसून खूप रडले.

हरिपाठसांज, नैवेद्य दाखवायचा राहिला होता. तुम्ही बरोबर होतात.

मी ठरवलं ते असं. यंदा आळंदीला माऊलींच्या समाधी सोहळ्याला चार दिवस जाईन, ह्यांना घेऊन. चातुर्मासाचा नेम घरात. स्वयंपाकघर माझं नाही. त्यात बोलायचं नाही, हात लावायचा तो सांगितलं तर. कांदा-लसूण सोडण्यापेक्षा हे मला शंभरपट जड आहे, म्हणून हाच नेम. कांदेनवमीला सुनेने भजी केली. कांदा जाड चिरला होता, ओवा नव्हता. मी बाहेर नातवाशी खेळत बसले. चार खाल्ली. गरम होती.

एकादशीपासून आज सोळावा दिवस. दोनदा नेम मोडला, एकदा दुधावरून, एकदा कुकरच्या शिट्टीवरून. दोन्ही वेळा माळ हातात घेऊन परत सुरू केलं. जप अजून लागत नाही म्हणावा तसा, पण कान पूर्वीसारखे आत धावत नाहीत. परवा एक पूर्ण माळ झाली आणि मला कळलंच नाही की पोळ्या होऊन गेल्या.

पहिल्याच आठवड्यात तिने सगळी मांडणी बदलली. मी तिथे बारा वर्षं जशी लावली होती ती गेली. कुठे काय आहे ते मला आता विचारावं लागतं, पाहुणीसारखं.

काल ती तो पैठणीचा ड्रेस घालून ऑफिसला निघाली. पदरावरचे मोर तिने बाह्यांवर घेतलेत. मी पहिल्यांदाच नीट पाहिले. तिला उशीर होत होता, म्हणाली, "आई, डबा भराल का?" मी भरला. पोळी-भाजी, आणि तिला आवडतो म्हणून गुळाचा खडा. गूळ शोधायला जरा वेळ लागला. तो आता खालच्या कप्प्यात असतो, डाव्या हाताला.